मोठा पिनियन टाकला तरी आरसी (रिमोट कंट्रोल) गाडी पळत नाही, मोटर तापते, स्परचे दात जातात: कुठून तपासायला घ्यायचं?

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच साच्यातली असते. गाडी नवी होती तेव्हा सुसाट पळायची, काही महिन्यांत वेग उतरला. मग कुणीतरी सांगितलं, दोन दात मोठा पिनियन, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर, टाक. टाकला. पहिली दोन मिनिटं बरं वाटलं, नंतर मोटर हात लावू देईना आणि पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या स्पर गिअरचे दात उडाले. नवा स्पर आणला, तोही गेला. आता प्रश्न येतो, "जास्त केव्हीची मोटर घेऊ का?" (केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मोटरचे मिनिटाला होणारे फेरे.)

नका घेऊ. वेग उतरलेल्या गाडीत मोटरच दोषी निघाली असं क्वचित होतं. बहुतेक वेळा मोटरची ताकद चाकापर्यंत पोचायच्या आत कुठेतरी खाल्ली जाते, नाहीतर मोटरला पुरेशी वीजच मिळत नाही. या दोन्हीवर मोठा पिनियन हा उपाय नाही. मूळ दोष तिथेच राहतो आणि मोटरवरचा भार मात्र वाढतो. जास्त केव्हीच्या मोटरचंही तेच, फक्त खर्च मोठा.

हे सगळं १:१० आणि १:१४ मापाच्या विजेवरच्या गाड्यांबद्दल आहे. नायट्रो इंधनावरच्या गाडीवाल्यांना क्लचबेल आणि कार्ब्युरेटरचं वेगळं प्रकरण आहे, त्यात इथे शिरत नाही.

आधी पिनियन सोडवा

बॅटरी काढा. मोटरचे दोन स्क्रू सैल करून मोटर मागे सरकवा, म्हणजे पिनियन आणि स्पर एकमेकांपासून सुटतील. ज्या चॅसीत मोटरची भोकं ठरलेल्या जागी असतात तिथे सरळ पिनियनच काढून घ्या. आता गाडी फरशीवर ठेवून बोटाने हलकेच ढकला.

ती निवांत घरंगळत गेली पाहिजे. बोट काढल्याबरोबर थांबली तर दोष ड्राइव्हट्रेनमध्ये, म्हणजे मोटर ते चाक यांच्यामधल्या गिअर-शाफ्टमध्ये आहे, आणि रिमोट, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर), बॅटरी, मोटर या सगळ्यांची तूर्त सुटका झाली. ही चाचणी फुकट आहे, तरी बहुतेक लोक ती करत नाहीत. मोटर जोडलेली असताना चाक फिरवून बघतात, त्यात चुंबकाचा अडथळा हाताला लागतो आणि काहीच कळत नाही.

गाडी अडली तर उचला आणि एकेक चाक हळू फिरवा. इथे बोटांवर भरवसा ठेवायचा. बारीक किरकिर सतत जाणवत असेल तर बेअरिंगमध्ये धूळ आहे. दर फेरीला एकाच जागी अडत असेल तर स्परच्या दातात खडा रुतलाय, स्पर वाकडा बसलाय किंवा एखादा शाफ्ट वाकलाय. चाक एरवी मोकळं फिरतं पण सस्पेन्शन दाबल्यावर जड होतं, याचा अर्थ ड्राइव्हशाफ्ट टोकाला त्याच्या वाटीत (कपमध्ये) घासतोय. उडी मारून उतरणाऱ्या गाड्यांत हे सर्रास असतं आणि टेबलावर ठेवलेल्या गाडीत कधीच दिसत नाही. म्हणून दाबून फिरवा, स्टिअरिंग दोन्हीकडे वळवूनही फिरवा.

चाकाचा नट आवळण्यात ज्यांचा हात जड आहे त्यांनी तोही तपासावा. नायलॉकचा नट पूर्ण कचकचून आवळला की काही गाड्यांत चाक थेट बेअरिंगवर दाबलं जातं. पाव फेरा मागे घ्या आणि पुन्हा फिरवून बघा. घरात गालिच्यावर चालणारी गाडी असेल तर अॅक्सलवर केस आणि धागे गुंडाळलेले हमखास सापडतात, ते चिमट्याने ओढून काढा.

बेअरिंगबद्दल थोडं सविस्तर सांगतो. टामियाच्या टीटी-०२ सारख्या किटमध्ये मूळ संचात बरेचदा बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश, म्हणजे साध्या कड्या, येतात. ते जुळणीपुरते ठीक आहेत. धुळीत चालवले की भोक अंडाकृती होतं, शाफ्ट डुगडुगतो आणि मग गिअर एकमेकांवर वाकडे चालतात. पाच मिलिमीटर आतला आणि अकरा मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेली साधी बॉल बेअरिंग त्या जागी बसतात. माझ्या मते मोटरवर पैसे घालण्याआधी करायचा खर्च हाच. आधीपासून बेअरिंग असतील तर संशयित बेअरिंग बाहेर काढा, स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर अडकवा आणि टिचकी मारून फिरवा. वाळू दळल्यासारखा आवाज आला तर ते बदला. धुऊन चालू होतात, पण कोकणातल्या लाल मातीत फिरलेलं किंवा पावसाळ्यात ओलं झालेलं बेअरिंग कितीही धुतलं तरी थोड्या दिवसांत पुन्हा किरकिरतं. डब्ल्यूडी-४० मारून मोकळं होण्याची सवय असेल तर ती सोडा. त्याने घाण सुटते हे खरं, पण आतलं वंगणही धुऊन जातं आणि मागे टिकाऊ असं काही उरत नाही. नंतर हलक्या तेलाचा एक थेंब द्यावाच लागतो.

शेवटी डिफ, म्हणजे वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरेन्शियल गिअर. स्पर धरून ठेवा आणि एक चाक फिरवा, त्याच जोडीतलं दुसऱ्या बाजूचं चाक उलट दिशेला गुळगुळीत फिरलं पाहिजे. मध्येच खटके बसले तर आतल्या बेव्हल गिअरचे दात गेलेत. अजिबात जोर न लागता भिरभिरलं आणि डिफच्या कवचावर तेलाचे डाग असतील तर डिफचं तेल गळून गेलंय. अशी गाडी वळणावर एकच चाक हवेत फिरवत राहते आणि चालवणाऱ्याला वाटतं, मोटरमध्ये दम नाही.

गाडी छान घरंगळली, तरी पळत नाही

मग विजेकडे वळा. सगळ्यात हास्यास्पद कारण आधी तपासा, कारण तेच सगळ्यात जास्त वेळा निघतं. ट्रॅक्ससच्या एक्सएल-५ ईएससीत ट्रेनिंग मोड आहे, त्यात थ्रॉटल निम्म्यावर बांधला जातो. लहान मुलांसाठी चांगली सोय आहे. पण बटण दाबून धरताना लाल दिव्याचे एक, दोन, तीन असे लुकलुकणे मोजायचे असतात आणि तिसऱ्यावर बोट सुटलं की गाडी निमूट अर्ध्या वेगाची होते. काही गाड्यांच्या रिमोटवरच वेगमर्यादेचं बटण किंवा गोल खुंटी असते. ती कुणी फिरवली हे घरातलं कुणी कबूल करत नाही.

हॉबीविंगच्या क्विकरन १०६० या ईएससीवर दोन छोटे जंपर, म्हणजे पिनांवर बसणाऱ्या टोप्या, असतात, एक बॅटरीच्या प्रकाराचा, दुसरा रिव्हर्सचा. निकेलची बॅटरी आहे आणि जंपर लायपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर) आहे असं झालं तर ईएससी बॅटरी संपली समजून लवकरच वेग कापतो. उलटं केलं, म्हणजे लायपो लावून जंपर निकेलवर ठेवला, तर गाडी मस्त पळते आणि बॅटरी मरते, कारण सेल वाचवणारी मर्यादा फार खाली जाते. हा प्रकार जास्त महागात पडतो.

रिमोटवर थ्रॉटलचं शेवटचं टोक, म्हणजे ईपीए, १०० टक्क्यांवर आहे ना ते बघा. रिमोट बदलला असेल तर ईएससी नव्याने कॅलिब्रेट करा. बटण असलेल्या बहुतेक ईएससीत क्रम असतो मधली जागा, पूर्ण थ्रॉटल, पूर्ण ब्रेक. १०६० मात्र चालू होताना फक्त मधली जागा ओळखतो, म्हणून तो चालू करताना ट्रिम, म्हणजे रिमोटवरची मधली जागा सरकवणारी खुंटी, शून्यावर हवी आणि ट्रिगरवर बोट नको.

आता कनेक्टर. गाडी दोन-तीन मिनिटं जोरात पळवा आणि थांबवल्याबरोबर बॅटरीच्या कनेक्टरला हात लावा. तो बॅटरीपेक्षा आणि वायरपेक्षा गरम लागला तर मोटरच्या वाट्याची वीज तिथे उष्णता होऊन जातेय. पांढरा जुना टामिया कनेक्टर साध्या ५४० मोटरला पुरतो. ब्रशलेस (आत ब्रश नसलेली, जास्त ताकदीची) मोटर लावल्यावर तोच ठेवला तर आतल्या पट्ट्या सैल होतात, प्लास्टिक पिवळं पडतं आणि पुढे वितळतं. टी-प्लग किंवा एक्सटी६० लावा. सोल्डर करताना एका वेळी एकच वायर कापायची, दोन्ही एकदम कापल्या की लायपो शॉर्ट होते.

बॅटरी स्वतःच थकली असेल तर चांगला चार्जर ते सांगतो. प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध मिलिओहममध्ये दिसतो, दोन सेलमध्ये मोठी तफावत असेल तर भार पडल्यावर कमजोर सेलचं व्होल्टेज आधी कोसळतं. मग पूर्ण चार्ज केलेली, ८.४ व्होल्ट दाखवणारी टू-एस (दोन सेलची) बॅटरी असली तरी पहिल्या लांब सरळ पट्ट्यात गाडी मंदावते. फुगलेली असेल तर चर्चाच नको, वापर बंद.

आकडेमोड, पण फार नाही

गाडी खरंच हळू आहे का, हेही तपासायला हवं. नुसत्या डोळ्यांना वेग कळत नाही.

टीटी-०२ चं उदाहरण घेऊ. किटमध्ये २२ दातांचा पिनियन आणि ७० दातांचा स्पर असतो, आतल्या गिअरचं प्रमाण २.६. ७० भागिले २२ गुणिले २.६, म्हणजे ८.२७. मोटरचे ८.२७ फेरे झाले की चाकाचा एक. त्यावर ३३०० केव्हीची मोटर आणि टू-एस लायपो लावली तर ३३०० गुणिले ७.४, म्हणजे मिनिटाला २४,४२० फेरे. चाकाला मिळाले साधारण २,९५०. टायरचा व्यास ६४ मिमी धरला तर परीघ २०१ मिमी होतो. गुणाकार करून ताशी साडेपस्तीस किलोमीटर येतात. हा कागदावरचा आकडा. भार, हवा आणि घर्षण धरून प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळणार.

मोजायचं कसं? टेपने २० मीटर आखा, मागे लांबून धाव घेऊन गाडी त्या पट्ट्यातून पूर्ण वेगात जाऊ द्या आणि मोबाइलवर स्लो मोशन चित्रण करा. बरोबर दोन सेकंद लागले तर वेग ताशी ३६ किलोमीटर. वरच्या उदाहरणातली गाडी मोजून ३० देत असेल तर तिला काहीही झालेलं नाही, तुमची अपेक्षा वाढली आहे. २० देत असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे, वरचे दोन्ही भाग पुन्हा करा.

टायरचा व्यास लोक विसरतात. ६४ मिमीच्या जागी ८० मिमीचे टायर बसवले की गिअरिंग २५ टक्क्यांनी वाढतं. पिनियनला हात न लावता २२ चा एकदम २७-२८ चा केल्यासारखं झालं. "मी तर फक्त टायर बदलले, मोटर का तापते?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच. मोठे टायर हवेत तर पिनियन त्या हिशेबाने लहान करा.

मोठ्या पिनियनने मोटर का तापते तेही यातच आहे. सायकल वरच्या गिअरला टाकून चढावर उभ्या उभ्या पायडल मारल्यावर मांड्यांचं जे होतं तेच इथे मोटरचं होतं. ती आपल्या वेगापर्यंत पोचतच नाही, बराच वेळ कमी फेऱ्यांवर राहते आणि तेव्हाच सगळ्यात जास्त करंट ओढते. प्रवाह दुप्पट झाला की वायंडिंगमधली उष्णता चौपट होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथे पाच-दहा मीटरवर खांब आणि कुणाची तरी स्कूटर असते, तिथे गाडीला टॉप स्पीड गाठायला जागाच नसते. अशा ठिकाणी एक-दोन दात लहान पिनियन लावून बघा. गाडी जास्त चपळ होते, मोटर थंड राहते आणि बॅटरीही जास्त टिकते. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही.

स्परचे दात पुन्हा पुन्हा जातात

गेलेला स्पर फेकू नका. उजेडात धरून, जमल्यास भिंग लावून बघा, कारण दात कसे गेलेत त्यावरून कारण कळतं.

सगळे दात सारखेच टोकाला गोल झालेत, मुळाशी शाबूत आहेत: पिनियन लांब बसला होता, म्हणजे मेश (दोन गिअरचे दात एकमेकांत किती बसतात ते) सैल. दात बारीक आणि टोकदार झालेत, आजूबाजूला प्लास्टिकचा पांढरा भुगा आहे: मेश फार घट्ट. एकाच जागचे दोन-तीन दात तुटलेत आणि बाकीचे नव्यासारखे आहेत: खडा अडकला किंवा उडीनंतर पूर्ण थ्रॉटल धरून गाडी जमिनीवर आली. हवेत चाकं सुसाट फिरत असतात, टेकताक्षणी ती अडतात आणि तो सगळा झटका त्या दोन दातांवर येतो. उतरताना ट्रिगर सोडा, स्पर वाचेल. दात रुंदीच्या निम्म्या भागातच झिजलेत: पिनियन शाफ्टवर पुढे-मागे बसलाय, स्परच्या पूर्ण रुंदीवर येत नाही.

आणखी एक कारण आहे, ते डोळ्याला दिसत नाही. एका ओळखीच्या मुलाच्या गाडीत तीन स्पर ओळीने गेले होते, मेश कागद घालून व्यवस्थित लावलेला, मोटर घट्ट, तरी चालताना शिट्टीसारखा आवाज. "काका, स्परच डुप्लिकेट असणार," असं त्याचं ठाम मत. स्पर ४८ पिचचा होता आणि कुणीतरी दिलेला पिनियन ०.६ मॉड्यूलचा. पिच आणि मॉड्यूल ही दातांच्या आकाराची दोन वेगळी मापं. दोन्ही शेजारी धरले तर दात सारखेच वाटतात. पण ४८ पिच म्हणजे साधारण ०.५३ मॉड्यूल. एक-दोन दात जुळतात, पुढचे एकमेकांवर चढतात. ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल मात्र इतके जवळ आहेत, ०.७९ आणि ०.८०, की ते एकत्र चालतात आणि लोक चालवतात. त्या अनुभवावरून ४८ आणि ०.६ पण चालेल असं गृहीत धरलं जातं आणि तिथेच फसगत होते. पिनियनवर कोरलेला आकडा वाचा, पाकीट हरवलं असेल आणि आकडाही नसेल तर तो पिनियन बाजूला ठेवा.

मेश लावायची पद्धत अशी. वहीच्या कागदाची पट्टी कापा, पिनियन आणि स्परच्या मध्ये घाला, मोटर दाबून धरा, स्क्रू आवळा, मग स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर एकसारख्या घड्या हव्यात, भोकं पडलेली नकोत. त्यानंतर पिनियन धरून स्पर बोटाने हलवा, पुसटशी टिकटिक जाणवली पाहिजे. ही तपासणी एकाच जागी करून थांबू नका. स्पर पाव-पाव फेरा फिरवत चार ठिकाणी बघा, कारण प्लास्टिकचा स्पर पूर्ण गोल असेलच असं नाही. सगळ्यात घट्ट लागते त्या जागी मेश लावायचा.

मेश लावला पण मोटर हलली तर सगळं वाया. मोटरचे स्क्रू तीन मिलिमीटरचे असतात, धातूच्या माउंटमध्ये त्यांना निळ्या थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, बारीक थेंब द्या. पिनियनला शाफ्टवर पकडणाऱ्या बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूलाही द्या आणि तो शाफ्टच्या सपाट बाजूवरच बसवा. प्लास्टिकला थ्रेडलॉक लागू देऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकतं. मोटरचे स्क्रू बदलत असाल तर लांबी जुनीच ठेवा. जास्त लांब स्क्रू आत जाऊन वायंडिंगला टेकतो आणि मोटर तिथल्या तिथे जळते.

मोटर ओरडते, गाडी जागची हलत नाही

हे त्यातल्या त्यात सोपं. बॉडी काढा, गाडी उचलून थोडाच थ्रॉटल द्या आणि फिरणं कुठपर्यंत पोचतंय ते बघा. शाफ्ट फिरतो पण पिनियन नाही: ग्रब स्क्रू. पिनियन फिरतो, स्पर नाही: दात. स्पर फिरतो पण तो ज्यावर बसलाय तो शाफ्ट नाही: स्लिपर (झटका आला की घसरून गिअर वाचवणारा क्लच) सैल. अॅक्सल फिरतो पण चाक नाही: चाकाच्या १२ मिमी हेक्समागची (षटकोनी तुकड्यामागची) पिन पडली किंवा चाकातली खोबण गोल झाली. हवेत पूर्ण थ्रॉटल देऊन बघायचा मोह आवरा, मऊ टायर फुगतात आणि रिमवरून सुटतातही.

स्लिपर लावताना मागची चाकं एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने स्पर फिरवा. तो फिरायला हवा, पण बराच जोर लावल्यावर. सहज फिरला तर नट थोडा आवळा, अजिबात हलला नाही तर थोडा सोडा. पूर्ण आवळून ठेवलेला स्लिपर नसल्यात जमा, मग झटका डिफवर जातो.

सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर सुरुवातीला अडखळते, गचके देते, तेव्हा ड्राइव्हट्रेन घसरतेय असा भास होतो. चाकं वर करून चालवल्यावर मोटर नीट फिरत असेल आणि जमिनीवरच अडखळत असेल, तर ते बहुधा कॉगिंग आहे. पिनियन लहान करा, बॅटरी आणि कनेक्टर तपासा.

आता वाढवायचाच असेल तर

गाडी मोकळी घरंगळते, वीज पोचते, मेश नीट आहे. मग पिनियन एका वेळी एकच दात वाढवा. २२ चा २३ केला तर वेग साडेचार टक्के वाढतो, तेवढाच. तीन-चार मिनिटं चालवा, इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटरचं तापमान घ्या. ८० अंशांच्या आसपास थांबायचं, त्यापुढे मोटरचे चुंबक कायमचे कमजोर होऊ शकतात आणि मग पूर्वीचा पिनियन लावला तरी जुना वेग परत येत नाही. थर्मामीटर नसेल तर मोटरवर बोट दोन-तीन सेकंद ठेवता आलं पाहिजे, चटकन काढावं लागलं तर एक दात मागे या. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी बसवलेलं गिअरिंग आणि डिसेंबरच्या सकाळी बसवलेलं गिअरिंग सारखं असणार नाही. हिवाळ्यात चाललेला पिनियन उन्हाळा लागला की पुन्हा तपासा.

वारंवार दात जाणाऱ्यांचा शेवटचा प्रश्न असतो, "स्टीलचा स्पर टाकू का?" माझं उत्तर नाही. प्लास्टिकचा स्पर आधी तुटावा असाच ठेवलेला असतो, तो स्वस्त असतो आणि बदलायला दोन-चार स्क्रू लागतात. स्टीलचा स्पर तुटत नाही, मग डिफचे गिअर किंवा शाफ्ट तुटतात आणि त्यासाठी अर्धी गाडी उघडावी लागते. खडकाळ जागी हळू चालणाऱ्या क्रॉलरची गोष्ट वेगळी, तिथे स्टील चालतं. पळणाऱ्या गाडीत आधी मेश, पिच आणि स्लिपर तपासा, त्यातूनही दात गेले तर प्लास्टिकचाच दुसरा स्पर बसवा आणि जुना भिंगाखाली धरा.